एक्केचाळीस वेळा बदललेला बायोडेटा

सोलापूर,
मंगळवार, दुपार

ति. दाजी आणि सौ. बजाआक्का यांच्या पायांवर धाकट्या मेव्हण्याचं, म्हणजे बिरुदेवचं डोकं.

इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, याहून जास्त चांगलं या घडीला लिहवत नाही. आक्काचा गुडघा कसा आहे? जिना चढू नको म्हणावं, आणि चढायचाच असेल तर निदान डोक्यावर पाटी घेऊन चढू नको म्हणावं. तुमच्या आठही शेळ्या सुखरूप असतील. तांबडी व्याली असं कळलं, पिल्लं दोन की तीन ते कोणीच सांगत नाही. तुमची रक्तदाबाची गोळी तुम्ही गिळताय की आक्कासमोर तोंडात धरून मागे जाऊन थुंकताय? (मला सगळं कळतं. मैंदर्गी काही लांब नाही.) मैंदर्गीत पाऊसपाणी बरं असेल, बाजार बरा असेल, आणि तुमचा मेव्हणा शहाणा आहे असा तुमचा जो समज आहे तोही अजून टिकून असेल. तो हे पत्र संपेपर्यंतच टिकेल, म्हणून आधी विचारून घेतलं.

दाजी, मी हादरलोय. नऊ दिवस झाले त्याला. परवाच्या आधीच्या रविवारी आमच्या प्रियदर्शनीला बघायला अक्कलकोटहून कल्लप्पा मास्तर आले होते, त्यांच्या मुलासाठी, मृत्युंजयसाठी. स्थळ तुम्हीच सुचवलेलं. तुम्ही बाजारामुळे आला नाहीत आणि वाचलात. कसं झालं म्हणून तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मी ‘झालं की’ एवढंच म्हणालो. झालं ते काय झालं, हे फोनवर सांगायची माझी छाती नव्हती. आता कागदावर सांगतो, पण मुळापासून सांगतो, नाहीतर सगळा दोष माझ्यावर येईल. (मुळापासून सांगूनही तो माझ्यावरच येतो, हे मी दोनदा ताडून पाहिलंय.)

मूळ आहे आमच्या कारखान्यात. मी तिथे हेडक्लार्क. टॉवेल-नॅपकिनची मापं, मालाच्या याद्या, परदेशी गिऱ्हाइकांची पत्रं, सगळं माझ्या संगणकात आणि तिथून माझ्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये. दिवाळीच्या आधी तो पेन ड्राइव्ह आमच्या वैजयंतीने शर्टासकट भिजवला, चोळला, पिळला आणि दोरीवर वाळत घातला. (नवऱ्याचे खिसे तपासणं तिच्या संस्कारात बसत नाही. एरवी माझी प्रत्येक गोष्ट तपासणं बसतं.) त्यात जर्मनीच्या नॅपकिनची मापं होती. मी छातीठोकपणे आठवणीवरून सांगितली, आणि अडीच हजार नॅपकिन असे विणून निघाले की त्यात माणसाचं नाकसुद्धा पुसून होईना. मालकांनी त्यातला एक नॅपकिन माझ्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर आम्हाला शिकवायला पुण्याहून एक बाई आणल्या.

बाई चांगल्या होत्या. पडद्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘नोकरदारांसाठी क्लाउड सिंकचे फायदे’. मला वाटलं, झोप काढायला बरं झालं. पण दाजी, पाचव्या मिनिटाला मी ताठ बसलो. म्हणे फाइल एकच असते, ती कुठेतरी लांब एका मोठ्या यंत्रात राहते, आणि आपल्या सगळ्या संगणकांत, फोनांत तीच दिसते. ऑफिसात एक शब्द बदला, घरच्या संगणकात तोच शब्द आपोआप बदललेला. खिशात काही बाळगायला नको, धुण्याची भीती नको. दहा जणांनी दहा ठिकाणांहून एकाच वेळी त्याच फाइलीत काम करावं. कुणी चुकून खोडलं तर जुनं परत आणता येतं, कारण कुणी, कधी, काय बदललं याचा सगळा इतिहास तिथे नावासकट राहतो. मला खरोखर भरून आलं. तीस वर्षं मी हरवलेले कागद शोधत जगलोय. आणि कबूल करतो, ऑफिसात त्याचं सोनं झालं. आता पॅकिंगच्या कमलम्माबाई यादी त्यांच्या फोनवरच बघतात, माप एकच, यादी एकच, मालाची गाडी दारात खोळंबत नाही, जर्मनीचं नाक पूर्ण पुसलं जातं. फायदे आहेत, मी कुठे नाही म्हणतो! त्या फायद्यांनीच माझा घात केलाय.

कारण बाईंचं बोलणं अकराला संपलं, आणि सव्वाअकराला मी प्रियदर्शनीचा बायोडेटा क्लाउडवर चढवला. तिने तो आदल्याच दिवशी घरच्या संगणकावर स्वतः टाइप करून मला दिला होता. आपल्याकडे बायोडेट्याचं काय होतं तुम्हाला ठाऊक आहे. एकदा छापून गावोगाव गेला की मग फोन नंबर बदलतो, कुणाचं तरी नाव राहिलेलं असतं, तो रुसून बसतो, आणि जुने कागद पुढची चार वर्षं लोकांच्या घरात फिरत राहतात. मी म्हटलं, ते दिवस गेले. एक लिंक केली आणि तेवीस घरी पाठवून दिली. इथे मी काही बदललं की तेवीस घरी आपोआप बदलणार. (तुम्हालाही पाठवली होती. तुम्ही अंगठा पाठवलात. उघडली नसणार.) लिंक करताना संगणकाने विचारलं, समोरच्यांना नुसतं बघू द्यायचं की बदलूही द्यायचं? आता तुम्हीच सांगा, सोयरीक जुळवायची आणि पाव्हण्याला दारात उभं करून म्हणायचं का, की नुसतं बघा, हात लावू नका? मोठं मन करून मी ‘बदलू द्या’वर बोट ठेवलं. शिवाय घरचा संगणक, ऑफिसचा संगणक, माझा नवा फोन, वैजयंतीचा फोन आणि आईला दिलेला माझा जुना फोन, असं सगळीकडे माझंच खातं, माझाच पासवर्ड. बाई म्हणत होत्या प्रत्येकाचं वेगळं खातं काढा. म्हटलं, घरात चूल एक आहे, खातं पाच कशाला?

आता मुद्द्याचं लिहितो. पोरीने टाइप केलं होतं, ‘जनावरांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, वळसंग.’ मी पाठवायच्या आधी ते थोडं सुटसुटीत केलं. ‘डॉक्टर, स्वतःचा दवाखाना.’ बस. एक शब्द इकडचा, एक तिकडचा. खोटं काय त्यात? साडेपाच वर्षं शिकली, सुवर्णपदक मिळवलं, डॉक्टर आहेच की! पण दाजी, म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी सून कोण करून घेतं, अशी मला धास्ती. आणि करून घेतलीच तर दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करायला लावतील, अशी दुसरी धास्ती. आणि तिसरी गोष्ट तुमच्याशी काय लपवायची. चौदा वर्षांचा होईपर्यंत मी मेंढरांमागे हिंडलोय. शाळेत माझ्या शेजारी कुणी बसत नव्हतं, मास्तर खिडकी उघडायला सांगायचे. या कारखान्यात लागलो तेव्हा पहिल्या दिवशी धुतलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात तोंड खुपसून उभा राहिलो होतो. तो वास अंगावरून जायला मला इतकी वर्षं लागली, आणि पोरगी एवढं शिकून रोज संध्याकाळी तोच वास घेऊन दारातून आत येते. तिला बघून मी खिडकी उघडतो. तिने ते कधी पाहिलं नसेल असं मला वाटत होतं.

तर शब्द खोडला, लिंक गेली, मी खुशीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सहज फाइल उघडली तर ‘जनावरांची डॉक्टर’! म्हटलं संगणकाची चूक. खोडलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा ‘जनावरांची’. खोडलं. रोज सकाळी मी खोडायचं आणि रोज दुपारी ते परत यायचं. मध्येच उंची बदलायची. पोरगी पाच फूट दोन इंच, ती एका शुक्रवारी पाच चार झाली, सोमवारी पाच तीन. (ते वैजयंतीचं काम, हे मागाहून कळलं. मुलगा जेवढा उंच तेवढी ती मुलीला ताणायची.) तीन आठवडे हा प्रकार. माझी भूक मेली. शेवटी पुण्याच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, सोपं आहे, इतिहास उघडा, कुणी बदललं ते नावासकट दिसेल. उघडला. दाजी, मी गार पडलो. प्रत्येक ओळीपुढे एकच नाव. खोडलं, बिरुदेव. घातलं, बिरुदेव. खोडलं, बिरुदेव. घातलं, बिरुदेव. बाईंनी विचारलं, तुमचं खातं आणखी कुणाच्या फोनवर आहे का? मी ठामपणे नाही म्हणालो. वैजयंतीचा फोन म्हणजे तिच्या माहेरशी बोलायचं यंत्र आणि आईचा फोन म्हणजे भजनं ऐकायचं यंत्र, असंच माझ्या डोक्यात होतं. मग बाई मऊ आवाजात म्हणाल्या, सर, तुम्हाला हल्ली कामाचा ताण जास्त आहे का?

मला वाटलं आपल्याला वेड लागलंय. शब्द परत यायचा तो दुपारी दोन ते अडीचच्या मध्ये, आणि त्याच वेळी जेवण झाल्यावर खुर्चीतच माझा जरा डोळा लागतो. म्हणजे झोपेत मीच टाइप करत असणार! कुणाला सांगायची सोय नाही. कमलम्माबाईंच्या हातापाया पडलो, त्यांना दोन दिवस समोर बसवून माझ्या हातांवर लक्ष ठेवायला लावलं. त्या बिचाऱ्या डबा खात खात बघत बसल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘सार, घोरता लई, पण हात काय हलत न्हाय की.’ मी उठून फाइल उघडली. ‘जनावरांची डॉक्टर.’ कमलम्माबाईंनी मला त्यांच्या ओळखीच्या एका देवऋषीचा पत्ता दिला, तो अजून पाकिटात आहे.

अशा अवस्थेत रविवार उजाडला. कल्लप्पा मास्तर, त्यांची बायको, मृत्युंजय आणि मास्तरांचे जावई आदिनाथराव, असे चौघे आले. आईला मी आतल्या खोलीत बसवलं होतं, कारण आईचं तुम्हाला माहीतच आहे. नवा माणूस दिसला की ती त्याला मागल्या वर्षी आजारी पडलेल्या तिच्या गावाकडच्या मेंढरांची गोष्ट सांगते, आणि गोष्ट सांगताना मेंढरू कसं कण्हायचं ते कण्हून दाखवते. वैजयंती तिच्याजवळ आत. प्रियदर्शनीने पोहे आणले, सगळ्यांना नमस्कार केला, बसली. मास्तर गंभीर माणूस, पोहे मोजून खातात. इथवर इतकं छान चाललं होतं की मी मनातल्या मनात कार्यालय ठरवायला लागलो होतो. तेवढ्यात आदिनाथराव म्हणाले, बायोडेटा फोनवर बारीक दिसतो, तुमच्या टीव्हीवर लावू का? मला वाटलं, काय हा मान! मी स्वतः उठून टीव्हीची धूळ पुसली.

लागला. पोरीचा फोटो भिंतभर. नाव. जन्मतारीख. उंची पाच फूट चार इंच. (मास्तरांच्या बायकोने टीव्हीकडे पाहिलं, मग प्रियदर्शनीकडे, मग पुन्हा टीव्हीकडे.) आणि खाली, ‘डॉक्टर, स्वतःचा दवाखाना.’ सकाळी पाव्हणे यायच्या आधी मी स्वतः खोडून ठेवलं होतं, म्हणून निर्धास्त होतो. घड्याळात सव्वादोन. आणि आतल्या खोलीतून माझ्या आईचा, गोजाबाईचा, खणखणीत आवाज आला, ‘जनावरांची.’ आवाज आतून आला, आणि एका श्वासानंतर टीव्हीवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ‘डॉक्टर’च्या आधी तो शब्द येऊन बसला.

मग आतून पुढचं आलं, ‘लई हुशार.’ भिंतीवर ‘लई हुशार’. ‘माझी साठ मेंढरं मरायला टेकलेली, तीन दिस माझ्यासंगं रानात बसली, एक बी मरू दिलं न्हाय.’ तेही भिंतीवर, पूर्णविराम नाही काही नाही, नुसतं वाहतंय. मी खिशातून फोन काढला आणि मांडीखाली धरून खोडायला लागलो. मी खोडतोय, ती बोलतेय. मी खोडतोय, ती बोलतेय. पाव्हणे मान वर-खाली करून बघतायत. आणि मग आईचा आवाज चढला, ‘आगं वैजयंती, वाच की, र्‍हायलं का? पुन्यांदा खोडलं? कोण ह्यो भाड्या सारखं खोडतुया? त्याचं हात झडू देत!’ दाजी, हेही आलं. भिंतीवर, माझ्या पोरीच्या फोटोखाली, उंचीच्या आणि दवाखान्याच्या मध्ये. सख्ख्या आईचा शाप मी माझ्याच टीव्हीवर वाचला, आणि तोही माझ्याच नावाने लिहिलेला.

मागाहून उलगडा झाला तो असा. आईला वाचता येत नाही, म्हणून वैजयंती रोज दुपारी जेवणं झाल्यावर तिला नातीचा बायोडेटा पोथीसारखा वाचून दाखवायची. पहिल्याच दिवशी आईच्या लक्षात आलं की पोरीने सांगितलेला शब्द यात नाही. वैजयंतीने जुन्या फोनवर बोट कुठे ठेवायचं ते दाखवलं, आई माइकवर बोलायची, शब्द परत यायचा. दुसऱ्या दिवशी गेलेला असायचा. तीन आठवडे माझी आई एका अज्ञात चोराशी लढत होती, आणि मी एका अज्ञात भुताशी. दोघं एकाच घरात, एकाच ताटलीतली चटणी खात.

आदिनाथरावांना तंत्राची आवड. त्यांनी तिथल्या तिथे इतिहास उघडला. (मीच मोठं मन करून परवानगी दिलेली.) एक्केचाळीस बदल. वरपासून खालपर्यंत बिरुदेव, बिरुदेव, बिरुदेव. कल्लप्पा मास्तरांनी चष्मा लावून सगळी यादी वाचली, विद्यार्थ्याची वही तपासावी तशी. बायकोशी कानडीत काहीतरी बोलले, ती हसली. मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, ‘पाव्हणं, हे सगळं तुमीच केलाव? मग तुमचं तुमालाच ठरंना की, पोरगी काय हाय ते.’ रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. मी म्हटलं, चहा घेणार ना?

त्यानंतर जे झालं ते लिहायचं मी चार दिवस टाळतोय. प्रियदर्शनी उठून टीव्हीजवळ गेली आणि यादीतली सगळ्यात शेवटची, म्हणजे सगळ्यात जुनी ओळ बघत उभी राहिली. त्यात तारीख होती, वेळ होती, सकाळी अकरा वीस. त्या वेळी फाइल फक्त तिच्याकडे आणि माझ्याकडे होती, आई आणि वैजयंतीला मी ती संध्याकाळी घरी आल्यावर दिली. ती मला एवढंच म्हणाली, ‘बाबा, ही पहिली वेळ आजीची नाही.’ मग पाव्हण्यांना म्हणाली, माफ करा, वळसंगला एक गाय अडलीय, मला निघायला हवं. औषधांची पेटी उचलली आणि निघाली. मृत्युंजय उठला, तिच्या हातातली पेटी घेतली आणि फाटकापर्यंत जाऊन तिच्या गाडीवर ठेवून आला. गाय खरंच अडली होती की नाही, हे मी अजून विचारलेलं नाही. ती माझ्याशी बोलतच नाही. जेवते, जाते, येते. संध्याकाळी आली की बाहेरच्या नळावर हातपाय धुते आणि खिडकीकडे बघतसुद्धा नाही.

सोमवारी ऑफिसात फाइल उघडली. बायोडेट्यात ‘अपेक्षा’ म्हणून एक रकाना असतो, तो इतके दिवस रिकामा होता. आता त्यात लिहिलेलं होतं, ‘मुलाला जनावरांच्या वासाचं काही वाटू नये. वडिलांनाही वाटू नये.’ दाजी, मी तो संगणक बंद केला आणि धुलाई खात्यात जाऊन उभा राहिलो. आणि क्लाउडचा फायदा बघा, हे वाक्य त्याच क्षणी तेवीस घरी पोचलेलं! त्यातल्या चार घरांतून मला फोन आले. तिघांनी विचारलं, हे वडील म्हणजे कोणाचे? चौथ्याने विचारलं, आमची शेळी तीन दिवस पाला तोंडाला लावत नाही, मॅडमचा नंबर मिळेल का?

शुक्रवारी कल्लप्पा मास्तरांचा फोन आला. मी हुज्जत घालायच्या तयारीने उचलला. ते म्हणाले, पोरगी आम्हाला पसंत आहे, पोराला तर लईच पसंत आहे, दवाखाना तिचा तिने चालवावा, अक्कलकोटात काय जनावरं नाहीत का? ‘पण तुमचं एकदा ठरू द्या, मग आमी येतो.’ मी वैजयंतीकडून पोरीला निरोप दिला. तिकडून उलटा निरोप आला, माझीही तीच अट आहे. म्हणजे सगळं गाडं येऊन अडलंय ते माझ्यापाशी. माझी धास्ती होती ती त्या लोकांची, आणि ती माणसं तर एका वाक्यात मोकळी झाली. राहिलो कोण, तर मी.

शनिवारी सकाळी ऑफिसात दार लावून घेतलं आणि माझ्या हाताने, शुद्धीत, डोळे उघडे ठेवून टाइप केलं, ‘जनावरांची डॉक्टर, स्वतःचा दवाखाना, वळसंग.’ खाली आणखी एक ओळ घातली, ‘वडिलांना हिचा अभिमान आहे, आणि लाज वाटते ती स्वतःची.’ तेवीस घरी गेली तर गेली. मग उड्या मारत घरी आलो. तर घरात काय? प्रियदर्शनी फोन हातात घेऊन आईच्या गळ्यात पडलेली, डोळ्यांत पाणी, ‘आजी, किती छान लिहिलंस गं बाबांच्या नावाने!’ आणि माझी आई, दाजी, माझी जन्मदाती आई, जिने त्या दिवशी फोनला हातसुद्धा लावलेला नव्हता, ती तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, ‘मग! मी हाय की!’ मी म्हटलं, अगं ते मी लिहिलंय. वैजयंती म्हणाली, पुरे की आता. पोरीने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. मी वैजयंतीला इतिहास उघडून दाखवला. त्यात काय आहे? बिरुदेव! आधीच्या एक्केचाळीस वेळाही बिरुदेवच होता. माझ्या नावावर आता माझा स्वतःचाच हक्क राहिलेला नाही.

बाकी सर्व ठीक. आक्काला जपा, तांबडीच्या पिल्लांना माझा आशीर्वाद.

आपला,
पाच ठिकाणी हजर असून घरात गैरहजर ठरलेला मेव्हणा,
बिरुदेव

ता. क. : पुण्याच्या बाई म्हणतात अजून वेळ गेलेली नाही, आईचं वेगळं खातं काढून द्या. मी काढायला बसलो होतो. आई म्हणाली, ‘माझ्या नावाला कोण इचारतंय? तुझ्या नावानं बोललं की तेवीस घरं ऐकत्यात.’ खातं तसंच ठेवलंय.

ता. क. दुसरा, आणि पत्र खरं यासाठीच लिहिलंय : येत्या गुरुवारी प्रियदर्शनी मैंदर्गीला तुमच्या शेळ्यांना लस टोचायला येणार आहे, असं वैजयंतीकडून कळलं. हे पत्र आमच्या सिद्धाराम ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय, उद्या पोचेल. ते तिला द्या. तुम्ही वाचून दाखवू नका, फोटो काढून पाठवू नका, हातात द्या. माझं अक्षर ती ओळखते, शाळेत तिच्या वह्यांवर नाव मीच घालत होतो. असं वाकडं ‘प्र’ घरात दुसऱ्या कुणाला काढता येत नाही. शनिवारची ती ओळ माझी आहे, दाजी. तेवढं तिला कळू द्या. आणि शेळ्या टोचून झाल्या असतील, तर हात धुवून येते म्हणेल ती. नको म्हणावं. तशाच हातांनी धरू दे. कागदाला वास लागला तर लागू दे, आणि तिचं वाचून झालं की पत्र मला परत पाठवा.